पाहायला की राहायला

ता. १७ फेब्रुवारी

चि. भोंगाबाईस,

अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. त्यातला एक तुझ्या घशासाठी वेगळा बांधून पाठवला आहे, तो आधी उघड.

वि. वि. काल दुपारी सुखरूप पोचले. गाडीत खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर बघायचं त्राण उरलं नव्हतं. चार दिवसांत तू मला इतकं दाखवलंस, की पायांच्या जोडीनं डोळेही दुखत होते. घरात पाऊल टाकलं तर तुझे भावोजी, काय काय पाहिलं म्हणून मागे लागले. मी मनोरा सांगितला, दोन मजली पूल सांगितला, नदीतली होडी आणि संग्रहालयातला तो सोनेरी पलंगसुद्धा सांगितला. ते म्हणाले, की हे सगळं आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे. तुझ्या बहिणीच्या खिडकीतून काय दिसतं ते सांग. समोरच्या इमारतीचे पाइप दिसतात, हे सांगायचं जिवावर आलं.

रागावू नकोस. बसच्या वरच्या मजल्यावर तुला माइक घेऊन उभी पाहिलं तेव्हा ऊर भरून आला होता. तू हात करशील तिकडे चाळीस अनोळखी माणसं माना वळवत होती. लहानपणी तू दारातून हाक मारलीस की तीन गल्ल्यांतली पोरं गोळा व्हायची, म्हणून बाबांनी तुला भोंगा म्हटलं. त्याच भोंग्यावर तू बावीस वर्षं पोट भरते आहेस, हे बघायला ते हवे होते. पण तिसऱ्या दिवशी पुलापाशी तुझा आवाज मध्येच तुटला. तू हसून सांगितलंस, की आता हा पूल सगळ्यांनी दोन मिनिटं शांतपणे बघायचा. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. मला नाही वाटला. डॉक्टरकडे जा.

आणखी एक बोलायचं होतं, ते तिथे बोलले नाही. पाहुणीनं घरात खोट काढू नये म्हणून. त्या चार दिवसांत तुझ्या जिन्यावर तुझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाही. खालचा किल्लीवाला नुसती मान हलवतो. लिफ्ट बंद, त्यावर कागद चिकटवलेला. मला वाटलं, हे शहर पाहायला येणाऱ्यांसाठी नटून बसतं आणि राहणाऱ्यांना मागच्या दारानं वागवतं. तुझं वय पन्नाशीच्या पुढे गेलं. मागे-पुढे कुणी नाही. आमची वरची खोली मुलीच्या लग्नापासून रिकामी आहे. इथे गल्लीतलं कुत्रंसुद्धा तुला नावानं ओळखेल. तेव्हा विचार कर, आणि विचार करून ये.

भावोजींचा आशीर्वाद. माया आहेच, ती पत्रातून मोजू नये.

तुझी,
अक्का

•

ता. २६ फेब्रुवारी

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. नमस्कार वाकून केला आहे असं समज. दिवसभर बसमध्ये उभं राहून कंबर आता माझं ऐकत नाही.

तुझं पत्र वाचलं आणि राग आला. मग जेवले, पुन्हा वाचलं, तर तुझंच खरं वाटायला लागलं. हे तुझं लहानपणापासूनचं आहे, माणसाला नीट रागावूसुद्धा देत नाहीस.

तुला खरं सांगते. नदीकाठची ती हिरवी बाकं रोज सकाळी आठला पुसतात, कारण सव्वानऊला पहिली बस येते. बावीस वर्षांत मी त्यांच्यावर एकदाही टेकलेली नाही. संग्रहालय सोमवारी गावच्या लोकांना मोकळं असतं, आणि सोमवारी माझ्या तीन फेऱ्या असतात. आमच्या लिफ्टवरचा कागद बदलला. आता नवा चिकटवला आहे, त्यावर तोच मजकूर. मी दिवसातून वीस वेळा माइकवर ‘आमचं शहर’ म्हणते. परवा तुझं पत्र खिशात असताना म्हणाले आणि मनात आलं, की ते मला कधी ‘आमची’ म्हणालं आहे का. पुलापाशी रोजचा विनोद सांगायचा विसरले. लोकांना काही फरक पडला नाही, पण आमच्या ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे बघितलं. तो तुला आठवत असेल, चौदा वर्षांत दोनशे शब्दसुद्धा बोलला नसेल. मी त्याला मौनीबुवाच म्हणते. त्याच्या लक्षात आलं, म्हणजे मी खरंच कुठेतरी हरवले असणार.

तेव्हा खोलीचं मनावर घेते. सप्टेंबरात पर्यटकांची गर्दी ओसरते, तोवर थांब. रंग मात्र इतक्यात देऊ नकोस, तुझा रंग मला माहीत आहे. मुलीच्या लग्नात तू मांडवसुद्धा पोपटी केला होतास.

घशाचं काही विशेष नाही. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करते. भावोजींना नमस्कार, आणि त्यांना सांग की पाइपांच्या मधून थोडं आकाशही दिसतं.

तुझी धाकटी

•

ता. १४ मार्च

ती. अक्कास,

सा. न. हे पत्र बसून वाच.

गुळण्यांनी भागलं नाही. सोमवारी माइक हातात घेतला आणि नुसती हवा बाहेर आली. मौनीबुवानं बस बाजूला घेतली, खाली उतरून मला थेट सरकारी इस्पितळात नेलं. स्वरतंतूवर गाठ आहे. वीस तारखेला काढणार. ती कसली आहे ते काढून तपासल्यावर कळेल, आणि त्याला पंधरा-वीस दिवस लागतील. त्यानंतर तीन आठवडे पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही, डॉक्टरीणबाईंनी हे मला तीनदा बजावलं, माझा धंदा ऐकून चौथ्यांदा.

फोन करू नकोस. मी उचलेन, तू हॅलो हॅलो करत राहशील आणि दोघींना वाईट वाटेल. पत्र लिही.

मी घाबरले नाही असं लिहिणार होते. पण तू अक्षरावरून ओळखशील.

तुझी धाकटी

•

ता. १८ मार्च

चि. भोंगाबाईस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ मी स्वतः येणार होते. पिशवी भरली होती. ती भरताना माळ्यावरची मोठी पिशवी काढायला तुझे भावोजी शिडीवर चढले आणि पिशवीसकट खाली आले. पायाचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर. आता ते पलंगावर, मी पलंगापाशी. माझा शिवणाचा वर्ग पुढच्या खोलीत भरतो, आणि ते आतून मुलींना टाके शिकवतात, ज्यांना स्वतःला बटण लावता येत नाही.

चेष्टा पुरे. तुझ्यापाशी कोण आहे ते कळव. रात्री काही लागलं तर तू हाक कशी मारणार? पेज कोण करून देणार? त्या एवढ्या मोठ्या शहरात तुझं एक माणूस असतं, तर मी शांत बसले असते. खोलीला रंग देते आहे. पोपटी नाही, पांढरा. आता सप्टेंबर नको, बरं वाटलं की लगेच ये.

उत्तर उलट टपाली.

तुझी,
अक्का

•

ता. २ एप्रिल

ती. अक्कास,

शिरसाष्टांग नमस्कार. मौनाचा आज तेरावा दिवस. गाठ काढली, पुढचं अजून कळायचं आहे. पहिल्यांदा भावोजींच्या पायाची विचारपूस, आणि त्यांना सांग की घरात एकानं पडायचं ठरलं असेल, तर माझा नंबर आधी होता.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझ्यापाशी कोण आहे, ते सांगायला मला एवढे दिवस लागले, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

इस्पितळात आम्ही सहा बायका होतो आणि भाषा पाच. शुद्धीवर आले तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरनं माझ्या हातात एक जाड पुठ्ठा दिला. त्यावर चित्रं: पाणी, दुखतंय, थंडी वाजते, संडास, घरच्यांना बोलवा. प्रत्येक चित्राखाली तेच अकरा भाषांत. कडा हाताळून मऊ झालेल्या. मी पाटीवर लिहिलं, की मुक्या माणसांसाठी तुम्ही किती छान सोय केली आहे. ती हसली. म्हणाली, की हा मुक्यांसाठी नाही, इथली भाषा न येणाऱ्यांसाठी आहे. अशी माणसं तिच्याकडे रोज दहा येतात, माझं त्यात विशेष काही नाही.

अक्का, हे ‘विशेष काही नाही’ मला पुढे रोज भेटतं आहे. भाजीच्या दुकानात गेले, गळ्यात पाटी. दुकानदारीणबाई चकित झाली नाही. तिनं एकेक भाजी उचलून दाखवली, मी मान हलवत गेले. कार्यालयात रजेचा कागद द्यायला गेले, तर खिडकीतल्या कारकुनानं स्वतःच स्टूल पुढे सरकवलं आणि कुठल्या चौकटीत काय लिहायचं ते पेन्सिलनं बाण काढून दाखवलं. त्याच्या पेन्सिलीला टोक राहिलेलं नव्हतं; म्हणजे बाण काढायचं त्याचं रोजचंच काम असणार. आणि कुणीही माझ्याशी मोठ्यानं ओरडून बोललं नाही. आपल्या गावी बोलता न येणारा माणूस बहिराच असतो अशी सगळ्यांची खात्री आहे, हे तू कबूल करशील. मला वाटतं, इथे कुठल्याही दिवशी निम्मी माणसं कुठूनतरी नवी आलेली असतात आणि त्यांना बोलता येत नसतं. शहराला त्याची सवय झाली आहे.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी दार वाजलं. खालचा किल्लीवाला, हातात सायकलची घंटी आणि स्क्रू-ड्रायव्हर. काही न बोलता त्यानं ती माझ्या पलंगाशेजारच्या पाइपवर बसवली आणि वाजवून दाखवली. तो पाइप त्याच्या दुकानापर्यंत आणि त्याच्या झोपायच्या खोलीपर्यंत जातो. मला काही लागलं तर वाजवायची. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या घंटीत आहे. एकदा चाचणी म्हणून वाजवली, तर तो मिनिटभरात वर, एका पायात बूट, एका पायात चप्पल.

त्याला इथली भाषा नऊ वर्षांनीही येत नाही. मी त्याला शिष्ट समजत होते. आता तो हातवारे करतो, मी पाटीवर चित्रं काढते, आणि तासभर गप्पा होतात. त्यानं मला सांगितलं, की तोही मला शिष्ट समजत होता: दिवसभर बोलून कमावणारी बाई, जिन्यात मात्र तोंड उघडत नाही. मी घसा जपत होते हे त्याला चित्र काढून समजावताना पाटी तीनदा पुसावी लागली. माझ्या तोंडाला कुलूप लागलं तेव्हा किल्लीवाल्याशी ओळख झाली, हा विनोद मी त्याच्या भाषेत सांगू शकत नाही, म्हणून तुला लिहिते.

मौनीबुवा रविवारी येऊन गेला. अर्धा तास आम्ही समोरासमोर बसलो, दोघंही न बोलता, आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा बरोबरीनं. उठताना एवढंच म्हणाला, की नवीन मुलगी पुलाचा विनोद चुकीचा सांगते.

आणि एक गोष्ट, जी मी विसरले होते याची मला लाज वाटते आहे. मी इथे आले तेव्हा मलाही इथली भाषा येत नव्हती. पहिलं वर्षभर मी मुकीच होते. कोपऱ्यावरच्या बेकरीतली म्हातारी माझ्यासमोर एकेक पाव मांडून मला आकडे शिकवायची; चुकले की एक पाव मागे घ्यायची, बरोबर आलं की तो माझ्या हातात. ती गेली, बेकरी आहे. माझ्या बसच्या वाटेवरच आहे. इतकी वर्षं मी रोज तिच्यासमोरून जाते आणि लोकांना पलीकडची कमान दाखवते.

पेज सिस्टरनं सांगितलेल्या रीतीनं मीच करते. ती मात्र बेचव होते, त्याचा दोष शहराला देऊ नकोस.

तुझी धाकटी

•

(पोस्टकार्ड) ता. ९ एप्रिल

ती. अक्कास, सा. न. गाठ साधी निघाली. वाईट काही नाही. सिस्टरनं कागद वाचून दाखवला आणि मला रडताना आवाज करू नका म्हणून दटावलं. मग स्वतःच डोळे पुसले. सविस्तर मागाहून. — धाकटी

•

ता. १५ एप्रिल

चि. भोंगाबाईस,

उत्तमोत्तम आशीर्वाद. तुझं कार्ड पोस्टमननं वाचून आणलं होतं. दारातूनच ओरडला, की गाठ साधी आहे. त्यामुळे माझ्या आधी गल्लीला कळलं. मुलींना सुट्टी दिली. भावोजींनी पलंगावर बसल्या बसल्या प्लास्टरवर ताल धरला. मी मात्र शिलाई यंत्रापाशी बसून राहिले, आणि कितीतरी वेळ त्याचं चाक नुसतंच फिरवत होते.

तू लिहिलंस ते खरं आहे. तू इथे असतीस तर सगळा गाव तुझ्या उशाशी बसला असता, आणि प्रत्येकानं तुला आपापल्या आजारपणाची गोष्ट सांगितली असती. तुझं मौन आम्हाला सोसलं नसतं.

त्या किल्लीवाल्याला माझ्यातर्फे काय द्यायचं ते सुचव. मी त्याच्यासाठी एक जाड कापडाचा ऍप्रन शिवला आहे, खिसे अकरा. माप अंदाजानं घेतलं. मी त्याला एकदाच, मान हलवताना पाहिलं होतं. त्या दिवशी मी त्याच्या मानेकडे रागानं बघितलं, तेही त्याला सांग. म्हणजे नको सांगूस.

खोली तयार आहे. खिडकीला पडदे लावले. भावोजी काठी घेऊन चार पावलं टाकायला लागले आहेत. तुझा आवाज परत आला, की पहिला फोन मला.

लोभ वाढतोच आहे, त्याला जागा करून ठेव.

तुझी,
अक्का

•

ता. १२ जून

ती. अक्कास,

सा. न. वि. वि. फोनवर तू माझा आवाज ऐकलास. मग हवेबद्दल बोललीस. मला कळलं. जुन्या कपाटाचा खण ओढावा तसा आवाज आहे, आणि तो असाच राहणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की चार माणसांत बोला, हळू बोला, माइक मात्र पुन्हा कधीच नाही.

बसवरचं काम सुटलं. साहेब चांगले वागले, डेपोतल्या खिडकीवर बसायचं काम देऊ केलं. मी विचार करून सांगते म्हटलं आणि घरी येऊन दोन दिवस पडून राहिले. तुझ्या पांढऱ्या खोलीचा विचार करत होते, लपवत नाही. पिशवीसुद्धा काढली होती. (माळ्यावरून नाही.)

तिसऱ्या दिवशी तपासणीला गेले, तर सिस्टर मला बाजूला घेऊन बसली. तिच्याकडे येणारी निम्मी माणसं वेळेवर येत नाहीत, म्हणाली. कुठल्या दारानं यायचं ते माहीत नाही म्हणून उशिरा येतात, आणि तोवर दुखणं वाढतं. आमच्या पेठेतल्या वाचनालयाला नगरपालिकेनं एक जागा मंजूर केली आहे: नव्यानं राहायला आलेल्यांना शहर दाखवणारं माणूस. तिनं माझं नाव आधीच देऊन ठेवलं होतं. मी म्हटलं, की माझा आवाज बघा. ती म्हणाली, की बसभर माणसं नाहीत, सहा-सातच असतात, आणि ती जवळ येतील.

ती खरंच जवळ येतात. महिना झाला. सोमवार आणि बुधवार, सकाळी दहाला वाचनालयाच्या दारात जमायचं. इस्पितळाची तीन नंबरची खिडकी, तिथला टोकन काढायचा खटका, मुलांना लस टोचायची खोली, भाषेचे फुकट वर्ग, पिण्याच्या पाण्याचे नळ, हरवल्यावर कुणाला विचारायचं. मनोऱ्याबद्दल अजून एकानंही विचारलेलं नाही. पहिल्या आठवड्यात एका गवंड्यानं विचारलं, की काही विकत न घेता बसता येईल अशी जागा कुठे आहे. या शहरात इतकी वर्षं बोट दाखवून पोट भरलेल्या बाईला उत्तर आलं नाही. मग मी तीन दिवस हिंडून शोधल्या. आता माझ्यापाशी नऊ जागा आहेत. त्यात नदीकाठची ती बाकंही आहेत. बुधवारी आम्ही सगळे जाऊन बसतो. पहिल्या दिवशी मौनीबुवाची बस वरच्या रस्त्यावरून गेली आणि त्यानं भोंगा वाजवला. वरच्या मजल्यावरच्या चाळीस माणसांनी आमच्याकडे पाहिलं, जसं काही आम्हीच बघण्यासारखे होतो.

अक्का, वरची खोली मला नको असं नाही. ती तिथे आहे, या आधारावर मी ते दोन दिवस काढले. पण मी येत नाही. तुला प्रश्न पडला होता, की हे शहर मला काय देतं. पाहुण्यांना देतं तसं वेष्टनात बांधून काही देत नाही. पण मी गप्प झाले तेव्हा त्यानं मला सांभाळून घेतलं, आणि तेही आपण काही मोठं करतो आहोत असं न दाखवता. आता त्याच्याकडून थोडं बोलायची माझी पाळी आहे, जेवढा आवाज उरला आहे तेवढ्यात.

रागावलीस तर लिही. नाही रागावलीस तरी लिही.

तुझी धाकटी

•

ता. २ जुलै

चि. धाकटीस,

आशीर्वाद. उत्तराला उशीर केला, मुद्दाम केला.

रागावले होते. मग कळलं, की तू एकटी आहेस म्हणून मी तुला बोलावत नव्हते. मुलगी सासरी गेल्यापासून संध्याकाळी शिवणाच्या मुली घरी गेल्या, की मला हे घर मोठं होतं. तुझे भावोजी आहेत, पण ते वर्तमानपत्रात असतात. वरच्या खोलीत कुणाच्या तरी चपला वाजायला हव्या होत्या, आणि त्या तुझ्या असत्या तर सोन्याहून पिवळं. हे मी तुझ्या काळजीच्या नावाखाली लिहीत होते. ते आज सरळ लिहिलं.

सप्टेंबरात मी येते. पूल, मनोरा, पलंग काही दाखवू नकोस. तुझ्या त्या सहा-सात माणसांत मला सातवी-आठवी म्हणून उभी कर. बहीण म्हणून ओळख करून द्यायची नाही, एवढी अट.

तुझी,
अक्का

•

ता. २४ सप्टेंबर

चि. धाकटीस,

अक्काचे अनेक आशीर्वाद; या खेपेला त्यात थोडा नमस्कारही मिसळला आहे, तो मोठीकडून आला म्हणून परत करू नकोस.

वि. वि. सुखरूप पोचले. भावोजी स्टेशनवर काठीशिवाय आले होते. वरच्या खोलीत एक मुलगी राहायला आली आहे, आपल्या शाळेत नव्यानं लागलेली शिक्षिका, फार लांबची. इथे कुणालाही ओळखत नाही. आल्या दिवशी मी तिला पोस्टात, दवाखान्यात आणि पाणपोईवर नेऊन आणलं. आपल्या पोस्टात रांग दोनच माणसांची असते, तरी कुठली खिडकी ते मी दाखवलं. ती म्हणाली, की इथे असं सगळ्यांना दाखवतात का. मी म्हटलं, हो.

आता तुला न सांगितलेली गोष्ट. बुधवारी तू त्या म्हाताऱ्या जोडप्याला नातवासाठी लसीची खोली दाखवत होतीस, तेव्हा मी तासभर दिसेनाशी झाले. तू विचारलंस, तर कापडाची दुकानं बघत होते असं मी सांगितलं. ते निम्मंच खरं होतं.

तुमच्यात ती तपकिरी कोटवाली बाई आहे ना, तुझ्या पहिल्या खेपेची, जी अजूनही बुधवारी आपणहून येते. सकाळपासून ती माझ्या कडेनं चालत होती. मी गप्प उभी, तिथली भाषा तू पाठवलेल्या जुन्या पुस्तकावरून शिकले तेवढीच, तीही गंजलेली. तिला वाटलं, मी नवीन आले आहे. तीन नंबरच्या खिडकीशी तिनं माझा हात धरून टोकनचा खटका दाबून घेतला, एकदा नाही, दोनदा, मला नीट कळलं याची खात्री होईपर्यंत. वाचनालयात कारकुनानं मला विचारलं, की पाहायला आलात की राहायला. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात तिनंच सांगून टाकलं, की राहायला. त्यानं तसं कार्डावर लिहिलं. मी दुरुस्त केलं नाही. ते कार्ड माझ्या पिशवीत आहे.

तिच्या कोटाची काजं हातानं केलेली होती, इतकी सुबक की मी बोट फिरवून पाहिल्याशिवाय राहिले नाही. मग मी तिला माझ्या पोलक्याचा दुमडलेला काठ दाखवला. तिची भाषा मोडकी, माझीही मोडकी, त्यामुळे आम्हाला एकमेकींचं त्या कारकुनापेक्षा चांगलं कळत होतं. तिनं मला मागच्या गल्लीत नेलं. तिथे एक शिवणाचं वर्कशॉप आहे, बारा यंत्रं, बाराव्यावर कुणी नाही. तिनं तिथल्या मुकादमबाईंना माझ्या वतीनं काय सांगितलं ते मला सगळं कळलं नाही, पण त्यांनी माझ्यासमोर एक बाही ठेवली आणि मी ती लावून दिली. त्यांनी बाही उलटी करून शिवण पाहिली आणि त्या खिडकीजवळच्या यंत्राकडे बोट केलं. मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी नोकरी लागली.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण तपकिरी कोटवाली एवढी खूश झाली होती, जणू तिलाच काम मिळालं. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि सांगितलं, की पहिले दिवस कठीण जातात, पण ती शेजारच्याच यंत्रावर आहे, मी घाबरू नये. अगं, आपल्या गावात सगळे मला कामं सांगायला येतात. घाबरू नकोस म्हणून मला कुणी सांगून किती वर्षं झाली असतील, ते मी गाडीत बसल्यावर मोजायला लागले आणि मला आठवेना.

गेल्या खेपेला या शहरानं मला चार दिवस खूप काही दाखवलं, आणि मी त्याच्यात खोट काढून परत आले. या वेळी त्यानं मला काहीच दाखवलं नाही, नुसतं कामाला लावलं. तुला तिथून आणायचा विषय आता मी पुन्हा काढणार नाही. उलट तुला ज्यांनी सांभाळलं त्यांचे उपकार आहेत, आणि ते सगळ्यांचे मिळून इतके आहेत, की नेमके कुणाचे म्हणून फेडू हे कळत नाही.

मी तिला येत्या शुक्रवारी दहाला येते असं सांगून बसले आहे. ती यंत्राशी वाट बघेल. तेव्हा तू जा. घरी माणूस आजारी आहे, म्हणून गावी परतावं लागलं असं सांग. भावोजींचा पाय एवढ्या उपयोगाला तरी येऊ दे. माझे आभार सांग, जेवढ्या आवाजात जमतील तेवढ्यात. मी पाहुणी होते, एवढं मात्र सांगू नकोस.

माया आहे तिथेच आहे, तू फक्त येत-जात राहा.

तुझी,
अक्का